‘अजून मेलेलो नाही!’

ऑक्टोबर १९८८. लॉस एंजेलिसमधल्या फेडरल इमारतीसमोर एका इतिहासकाराने कोळशाच्या शेगडीत स्वतःचंच नवं कोरं पुस्तक जाळलं. पुस्तक जॉर्ज वॉशिंग्टनवर होतं, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रेसने काढलेलं. लेखकाचं नाव पॉल लाँगमोर. लहानपणी झालेल्या पोलिओने त्यांचे हात जवळजवळ निकामी झाले होते. तोंडात पेन धरून टंकयंत्राची एकेक कळ दाबत त्यांनी ते लिहिलं होतं, आणि त्यात दहा वर्षं गेली होती. रात्री झोपताना त्यांना श्वासासाठी यंत्र लागे. त्या यंत्राचा आणि घरी मदतीला येणाऱ्या माणसाचा खर्च सरकारी योजनेतून चाले. आणि त्या योजनेचा नियम असा, की पुस्तकाची रॉयल्टी हातात आली तर मदत बंद होईल. म्हणजे पुस्तक खपलं तर लेखकाचा श्वास धोक्यात.

लाँगमोर यांच्या या होळीनंतर तो नियम बदलला. पण पुढच्या तीस वर्षांत कॅलिफोर्नियात जी लढाई झाली, ती समजून घ्यायची तर ही शेगडी डोळ्यांसमोर ठेवावी लागते. डॉक्टरने आजारी माणसाला प्राणघातक औषध लिहून द्यावं की नाही, या वादात अपंगांच्या संघटना ‘नको’ म्हणणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत का बसल्या, हे अनेकांना कधी कळलंच नाही. स्वातंत्र्यासाठी लढणारी ही माणसं, मग मरणाच्या स्वातंत्र्याला विरोध कसला करतात? लाँगमोर यांचं उत्तर साधारण असं होतं, की आधी आम्हाला जगायची सोय मागू द्या, मरायची सोय तुम्ही फार लवकर देऊ करता.

ते हे बोलत होते त्याला एक प्रकरण कारण होतं. सप्टेंबर १९८३ मध्ये एलिझाबेथ बुव्हिया नावाची सव्वीस वर्षांची तरुणी रिव्हरसाइडच्या सरकारी इस्पितळात दाखल झाली. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, हातपाय चालत नाहीत, सांधेदुखीने जीव नकोसा. तिची मागणी एवढीच होती, की मी अन्न सोडते, तुम्ही मला वेदनाशामकं द्या आणि शांतपणे मरू द्या. आपल्याकडच्या वाचकाला प्रायोपवेशन आठवेल, पण इथे मुक्काम इस्पितळात होता आणि खटला कोर्टात. तिच्या बाजूने उभे राहिलेले वकील रिचर्ड स्कॉट हे डॉक्टरही होते आणि मरणाच्या हक्कासाठी १९८० मध्ये सुरू झालेल्या हेमलॉक सोसायटीशी त्यांचा जवळचा संबंध होता. डिसेंबरमध्ये रिव्हरसाइडच्या न्यायाधीशांनी तिची मागणी फेटाळली. १९८६ मध्ये वरच्या न्यायालयाने मात्र दुसऱ्या एका इस्पितळाच्या प्रकरणात तिच्या बाजूने कौल दिला: तिच्या इच्छेविरुद्ध नळीने अन्न घालता येणार नाही.

वर्तमानपत्रांनी ही गोष्ट एका वाक्यात सांगितली. शरीर पांगळं, म्हणून जगणं असह्य. लाँगमोर यांनी तीच गोष्ट इतिहासकाराच्या सवयीने मागून पुढे वाचली. ही मुलगी समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला होती, तिथे प्रत्यक्ष कामाच्या जागेवरून विद्यापीठाशी खटका उडून तिने शिक्षण सोडलं होतं. तिचा भाऊ वारला होता. गर्भपात झाला होता, लग्न मोडत होतं. यातलं एकेक दुःख धडधाकट माणसावर कोसळलं असतं तर त्याला आपण समुपदेशकाकडे नेलं असतं. तिच्या बाबतीत मात्र सगळ्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. आणि कोर्टाने हक्क मान्य केल्यावर काय झालं? बुव्हिया मेली नाही. तिने तो हक्क वापरलाच नाही, आणि पुढे कित्येक वर्षांनी दूरचित्रवाणीवर तिची मुलाखतही झाली.

एका माणसाच्या अनुभवावरून कायदा ठरत नाही, हे खरं. पण या गोष्टीने अपंग चळवळीच्या मनात एक संशय पेरला तो कायमचा. (आपल्या सरकारने अलीकडे ‘दिव्यांग’ शब्द रूढ केला आहे. या कहाणीतली माणसं असल्या गोड शब्दांवर फार चिडत, म्हणून मी साधा शब्द ठेवतो.)

इथे थोडं थांबून शब्दांबद्दल बोललं पाहिजे. मराठीत या सगळ्याला आपण ‘इच्छामरण’ म्हणतो. त्या शब्दामागे शरशय्येवरचे भीष्म असतात, उत्तरायणाची वाट पाहणारे. शब्द इतका भारदस्त आहे, की त्यात तीन वेगळ्या गोष्टी बेमालूम मिसळून जातात. उपचार थांबवणं ही एक. डॉक्टरने स्वतः सुई टोचणं ही दुसरी. आणि डॉक्टरने औषध लिहून द्यायचं, रुग्णाने ते स्वतःच्या हाताने घ्यायचं, ही तिसरी. मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जी वाट उघडली ती पहिल्या प्रकारची होती, आणि तिथेही त्यांची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या परिचारिका ‘नको’ म्हणून उभ्या राहिल्या. कॅलिफोर्नियातला झगडा तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. त्याला विरोधक ‘आत्महत्येला साह्य’ म्हणत, समर्थक ‘मरणात मदत’ किंवा ‘सन्मानाने मृत्यू’. हा नुसता शब्दच्छल नव्हता. २०१३ मध्ये गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने प्रश्न दोन प्रकारे विचारून पाहिला. ‘वेदनारहित मार्गाने आयुष्य संपवू द्यावं का’ याला ७० टक्के लोक हो म्हणाले, आणि ‘आत्महत्या करायला मदत करू द्यावी का’ म्हटल्यावर तेच ५१ टक्के झाले. एका शब्दावर एकोणीस टक्के.

१९९२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे प्रस्ताव क्रमांक १६१ आला. त्यात डॉक्टरने स्वतः इंजेक्शन देण्याचीही मुभा होती. तो ५४ विरुद्ध ४६ टक्क्यांनी पडला. त्याच्या आदल्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातही असाच प्रस्ताव जवळपास त्याच फरकाने पडला होता. दोन्हीकडे कॅथलिक चर्चने पैसा आणि माणसं उभी केली होती, आणि विरोध म्हणजे पाद्र्यांचा विरोध अशी समजूत तेव्हा पक्की झाली. १९९४ मध्ये ओरेगनने इंजेक्शन वगळून फक्त औषधाची चिठ्ठी ठेवली आणि ५१ टक्क्यांनी कायदा पास केला. कोर्टात अडकून तो १९९७ मध्ये अमलात आला, तेव्हा तो रद्द करण्याचं सार्वमतही ६० विरुद्ध ४० टक्क्यांनी हरलं.

दरम्यान मिशिगनमध्ये डॉक्टर जॅक केव्होर्कियन आपल्या गाडीत लोकांना मरायला मदत करत फिरत होता आणि ज्यूरी त्याला पुन्हा पुन्हा सोडत होती. त्याच्याकडे गेलेल्यांपैकी बरेच जण मरणपंथाला लागलेले नव्हते, अपंग किंवा जुनाट दुखण्यांनी गांजलेले होते. एप्रिल १९९६ मध्ये डायान कोलमन या व्हीलचेअर वापरणाऱ्या वकील बाईंनी ‘नॉट डेड येट’ ही संघटना काढली. म्हणजे ‘अजून मेलेलो नाही’. नाव उचललं होतं माँटी पायथनच्या एका विनोदी चित्रपटातून: प्लेगच्या गाड्यावर टाकलेला म्हातारा ओरडत असतो की मी अजून जिवंत आहे. संघटनेने पुढच्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दारात ऐन थंडीत शेकडो माणसं आणली. आत या हक्काबद्दलच्या खटल्याची सुनावणी चालू, बाहेर व्हीलचेअरची रांग. २६ जून १९९७ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की आत्महत्येसाठी मदत मिळणं हा घटनेने दिलेला हक्क नाही. राज्यांनी आपापसात वाद घालून काय ते ठरवावं.

त्या निकालाने रणांगण बदललं. कोर्टाऐवजी राज्यांची विधिमंडळं, आणि त्यांतही समित्यांच्या खोल्या.

कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. तिथे १९९९ मध्ये ओरेगनच्या धर्तीवर पहिलं विधेयक आणलं ते डायोन अॅरोनर या सदस्येने. ती निवडून आली होती बर्कलीतून. हे मुद्दाम सांगतो, कारण अपंगांच्या स्वावलंबी जगण्याच्या चळवळीचं काशी-पंढरपूर म्हणजे बर्कलीच. पोलिओने मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या एड रॉबर्ट्सने तिथल्या विद्यापीठात शिकताना ही चळवळ उभी केली, १९७२ मध्ये तिथेच ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ निघालं, आणि १९७७ मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत अपंगांनी सरकारी कार्यालयात तीन आठवड्यांहून अधिक ठिय्या दिला. अपंगांच्या कायदेशीर हक्कांसाठी १९७९ मध्ये स्थापन झालेली डीआरईडीएफ ही संस्थाही बर्कलीचीच, आणि तिच्या मेरिलिन गोल्डन पुढे या विरोधाचा चेहरा झाल्या. एकाच गावातून विधेयकही निघालं आणि विरोधकही. दोघंही डाव्या विचारांचे, दोघंही ‘निवड’ हा शब्द वापरणारे. अॅरोनर यांचं विधेयक समित्यांतून पार झालं, पण सभागृहात मतदानाला कधी आलंच नाही.

विरोधकांची आघाडी विचित्र होती. एका टेबलाशी कॅथलिक बिशपांचा प्रतिनिधी, राज्याच्या डॉक्टरांची संघटना, कर्करोगाचे काही तज्ज्ञ आणि गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने मोर्चे काढणाऱ्या अपंग स्त्रिया. एरवी ही माणसं एकमेकांशी बोललीही नसती. आणि मला वाटतं, आमदारांवर परिणाम झाला तो या बेमेळपणाचाच. चर्चचं म्हणणं आमदारांना पाठ होतं. पण समोर बसलेली बाई म्हणते, मला दिवसाला चार वेळा दुसऱ्याने उचलावं लागतं, तुमच्या विधेयकात ज्याला ‘प्रतिष्ठा गमावणं’ म्हणतात ते माझं रोजचं सकाळचं काम आहे, तेव्हा आमदाराला कागदावरून नजर वर करावी लागते.

हा त्यांचा सगळ्यात धारदार मुद्दा होता. ओरेगन सरकार दरवर्षी अहवाल काढतं आणि औषध घेणाऱ्यांनी दिलेली कारणं त्यात नोंदवतं. वरच्या क्रमांकावर वेदना नाहीत. नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांनी स्वायत्तता गमावण्याचं कारण दिलेलं असतं. त्याखाली आयुष्य रम्य करणाऱ्या गोष्टी करता न येणं, मग प्रतिष्ठा जाणं. बऱ्याच जणांनी घरच्यांवर भार होण्याची काळजी सांगितलेली. वेदना, किंवा पुढे वेदना होतील ही भीती, साधारण चौथा हिस्सा लोक सांगतात. गोल्डन आणि त्यांचे साथी विचारत, ही तर अपंगत्वाची यादी आहे. दुसऱ्याच्या हातून आंघोळ करावी लागणं हे मरण्याला पुरेसं कारण आहे असं राज्याने एकदा छापलं, की मग आम्ही कोण?

२००५ मध्ये पॅटी बर्ग आणि लॉइड लेव्हिन यांनी पुन्हा विधेयक आणलं. त्याच फेब्रुवारीत ऑस्करच्या एकाच रात्री दोन चित्रपट जिंकले: ‘मिलियन डॉलर बेबी’ आणि स्पॅनिश ‘मार आदेंत्रो’. दोन्हींत लुळं पडलेलं माणूस मरण मागतं आणि त्याच्यावर प्रेम करणारं कुणीतरी ते देतं. ‘नॉट डेड येट’ने निषेध केला आणि बऱ्याच समीक्षकांनी कपाळाला हात लावला, की सिनेमाला काय कायद्याच्या तराजूत तोलायचं. समीक्षकांचं चूक नव्हतं. पण ज्यांच्यासारख्यांच्या मरणावर प्रेक्षक डोळे पुसत घरी जातात, त्यांना राग येणं मला समजू शकतं.

विधेयक क्रमांक बदलून जून २००६ मध्ये राज्याच्या सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे आलं. अध्यक्ष होते जो डन, ऑरेंज काउंटीतले डेमोक्रॅट. त्यांचं मत निर्णायक ठरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. डन यांनी विधेयकाच्या विरुद्ध मत दिलं आणि कारण सांगताना धर्माचं नाव काढलं नाही. आरोग्यसेवेत पैसा काय काय ठरवतो, याची भीती त्यांनी बोलून दाखवली. पुढच्या वर्षी असेंब्लीचे, म्हणजे राज्याच्या खालच्या सभागृहाचे, सभापती फाबियान नुन्येझ स्वतः सहप्रस्तावक झाले. कार्डिनल रॉजर माहोनी यांनी व्यासपीठावरून या कॅथलिक सभापतींना नाव घेऊन झोडपलं. तरीही ते विधेयक कार्डिनलमुळे पडलं असं सरळ म्हणता येत नाही. सभापती पाठीशी असताना मतांची बेरीज जुळली नाही आणि जून २००७ मध्ये ते गुंडाळलं गेलं.

डन यांच्या भीतीला दोनच वर्षांत एक कागदी पुरावा मिळाला. २००८ मध्ये ओरेगनच्या स्प्रिंगफील्ड गावातल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका रुग्ण स्त्रीला राज्याच्या आरोग्य योजनेचं पत्र आलं. डॉक्टरने लिहिलेलं महागडं औषध योजनेत बसत नाही. काय बसतं त्याच्या यादीत डॉक्टरच्या मदतीने मरण्याचा खर्चही होता. योजनेचे अधिकारी म्हणाले, हा दोन वेगळ्या नियमांचा योगायोग, कुणाचा वाईट हेतू नव्हता. तसंच असेल. पण कारकुनाने हेतूविना टाइप केलेलं पत्र हीच तर विरोधकांची मूळ भीती होती. भीष्मांना विमा योजनेचं पत्र येत नव्हतं.

लाँगमोर ऑगस्ट २०१० मध्ये वारले, सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात इतिहास शिकवता शिकवता.

मग आली ब्रिटनी मेनार्ड. मेंदूच्या कर्करोगाचं निदान झालेली, नव्याने लग्न झालेली कॅलिफोर्नियाची तरुणी. आपल्या राज्यात कायदा नाही म्हणून ती ओरेगनला राहायला गेली आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी, एकोणतिसाव्या वर्षी, औषध घेऊन गेली. जाण्यापूर्वी तिने बोललेली ध्वनिचित्रफीत जगभर पाहिली गेली. तिच्या यातना आणि तिचा निर्धार, दोन्ही खरे होते. कुणाही प्रामाणिक विरोधकाला तिच्यासमोर उभं राहून ‘नाही’ म्हणणं सोपं गेलं नसतं, आणि जे म्हणाले त्यांतले काही जण ज्या सुरात म्हणाले तो सूर वाचून आजही लाज वाटते. जानेवारी २०१५ मध्ये लोइस वोल्क आणि बिल मॉनिंग यांनी सिनेटमध्ये विधेयक १२८ मांडलं. मे महिन्यात राज्याच्या डॉक्टरांच्या संघटनेने अनेक दशकांचा विरोध सोडून तटस्थ भूमिका घेतली. ४ जूनला सिनेटने २३ विरुद्ध १४ मतांनी ते पास केलं.

आणि असेंब्लीच्या आरोग्य समितीत ते अडलं. दक्षिण कॅलिफोर्नियातले काही लॅटिनो डेमोक्रॅट तयार नव्हते. लॉस एंजेलिसचे आर्चबिशप गोमेझ यांच्या धर्मप्रांताने त्यांच्यावर दबाव आणला हे उघड आहे, चर्चचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. पण हे आमदार ज्या वस्त्यांतून येत होते तिथे साध्या डॉक्टरची वेळ मिळवायला महिने लागत. तिथे ‘शेवटची निवड’ ही पहिली उपलब्ध होणारी सेवा ठरेल, हे म्हणणं पटायला प्रवचनाची गरज नव्हती. टॉरन्समध्ये काम करणारे उपशामक उपचारांचे जुने डॉक्टर आयरा बायॉक हेही तेच लिहीत होते: मरणाऱ्यांची नीट काळजी घेणं आपण शिकलेलो नाही, तेवढ्यात ही घाई कसली. ७ जुलैला प्रस्तावकांनी विधेयक मागे घेतलं. विरोधकांनी समजूत करून घेतली की या वर्षापुरतं संपलं.

ते संपलं नव्हतं. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी जूनमध्ये आरोग्यावरचं एक विशेष अधिवेशन बोलावलं होतं. विषय होता पैसा. मेडी-कॅल, म्हणजे गरिबांची आरोग्य योजना, तिच्यासाठी निधी उभारणं, अपंगांना घरी मदत करणाऱ्या सेवेचे कापून परत दिलेले तास पुढेही चालू ठेवणं, बौद्धिक अपंगांच्या सेवांचे दर वाढवणं. विशेष अधिवेशनाच्या समित्या वेगळ्या असतात, माणसंही वेगळी निवडता येतात. ऑगस्टच्या मध्यावर स्टॉक्टनच्या सुझन एगमन यांनी तेच विधेयक नव्या क्रमांकाने या अधिवेशनात आणलं. जुन्या समितीतले अडून बसलेले आमदार नव्या समितीत नव्हते. ९ सप्टेंबरला असेंब्ली, ११ सप्टेंबरला सिनेट. चार आठवड्यांच्या आत सगळं उरकलं. ज्या निधीसाठी अधिवेशन बोलावलं होतं त्याचा निर्णय मात्र त्या सप्टेंबरात झाला नाही, तो पुढच्या वर्षी मार्चपर्यंत लांबला. घरी येणाऱ्या मदतनिसाच्या तासांची पुढची तजवीज लटकत राहिली. लाँगमोर यांच्या शेगडीपाशी पुन्हा येऊन पोचल्यासारखं हे वाटतं.

विधेयक ब्राउन यांच्या टेबलावर गेलं. तरुणपणी जेझुइट पाद्री व्हायला निघालेला हा माणूस, वय ७७. सही करताना त्यांनी एक टिपण जोडलं. एका कॅथलिक बिशपचं, आर्चबिशप टुटूंचं, स्वतःच्या डॉक्टरांचं आणि जुन्या वर्गमित्रांचं म्हणणं ऐकून घेतल्याचं त्यात आहे, आणि शेवटी स्वतःच्या मरणाचा विचार आहे: असह्य यातनांत मी काय करीन मला ठाऊक नाही, पण हा पर्याय हाताशी असणं दिलासा देईल, म्हणून इतरांना तो नाकारणार नाही. टिपण सुंदर आहे. आणि विरोधकांची पंचवीस वर्षांची तक्रार त्यात जशीच्या तशी दिसते. चांगला डॉक्टर, चांगले मित्र, पुरेसा पैसा असलेला माणूस स्वतःच्या मरणाची कल्पना करतो आणि त्यावरून सगळ्यांसाठीचा कायदा ठरतो.

तारीख होती ५ ऑक्टोबर २०१५. कायदा रोखणाऱ्या सार्वमतासाठी ३,६५,८८० सह्या हव्या होत्या, त्या जमल्या नाहीत. ९ जून २०१६ ला अंमल सुरू झाला आणि वर्षअखेरपर्यंत १११ माणसांनी औषध घेऊन प्राण सोडले.

विशेष अधिवेशनाची ती पळवाट विरोधक विसरले नव्हते. मे २०१८ मध्ये एका न्यायाधीशाने निकाल दिला, की पैशासाठी बोलावलेल्या अधिवेशनात मरणाचा कायदा करणं घटनेला धरून नाही, कायदा रद्द. कोर्ट होतं रिव्हरसाइडचं, पस्तीस वर्षांपूर्वी बुव्हियाची मागणी जिथे फेटाळली गेली तेच गाव. महिन्याभरात वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली, आणि नोव्हेंबरमध्ये दावा करणाऱ्यांना तो करण्याचा अधिकारच सिद्ध झालेला नाही, असं म्हणून निकाल फिरवला. अधिवेशनाचा मूळ प्रश्न तसाच राहिला.

२०१५ च्या कायद्यात पहिल्या आणि दुसऱ्या तोंडी विनंतीमध्ये पंधरा दिवसांचं अंतर ठेवलं होतं. मन बदलायला वेळ मिळावा म्हणून ठेवलेलं हे कुंपण प्रस्तावकांनी तेव्हा पुन्हा पुन्हा दाखवलं होतं. २०२१ मध्ये नवं विधेयक आलं, कारण पंधरा दिवस थांबण्याइतकं आयुष्य अनेकांकडे उरत नाही. अंतर अठ्ठेचाळीस तासांवर आलं. मेरिलिन गोल्डन त्याविरुद्धही झगडत होत्या. त्या सप्टेंबरात वारल्या. सही ५ ऑक्टोबरला झाली.